कांतास की कांता?

स्पॅनिशचं कुठलंही पहिलं पुस्तक उघडा, वर्तमानकाळाचा सहा चौकटींचा तक्ता समोर येणारच. 'कांतार' म्हणजे गाणे. शेवटचा 'आर' काढायचा आणि प्रत्यय लावायचे. कांतो (मी), कांतास (तू), कांता (तो किंवा ती), कांतामोस (आम्ही), कांताइस (तुम्ही), कांतान (ते). 'गातो' की 'गाते' ही भानगड नाही. कर्ता प्रत्ययातूनच कळतो, म्हणून सर्वनाम बहुधा गाळतात.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. लॅटिनमध्ये हीच रूपं कांतो, कांतास, कांतात, कांतामुस, कांतातिस, कांतान्त अशी होती. आता शेजारी गच्छामि, गच्छसि, गच्छति, गच्छामः, गच्छथ, गच्छन्ति ठेवून पाहा. दूरचे का होईना, भाऊबंदच! स्पॅनिशमधला 'तू' तर आपल्यासारखाच 'तू' आहे.

हे नियम पुस्तकात बांधले अंतोनियो दे नेब्रिहा या पंडिताने, १४९२ साली. त्या जानेवारीत ग्रानादा पडलं, ३ ऑगस्टला कोलंबस निघाला आणि १८ ऑगस्टला सालामांकात नेब्रिहाचं व्याकरण छापून पूर्ण झालं. लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार गण होते, त्याने कास्तिलियनचे तीनच मांडले: आर, एर आणि ईर. आजही तेच शिकवतात. पुस्तक राणी इसाबेलाला अर्पण केलेलं. भाषा आणि साम्राज्य बरोबरीने वाढतात, आणि जिंकलेल्या लोकांना जेत्यांची भाषा शिकायला हे पुस्तक कामी येईल, असं त्याने प्रस्तावनेत सरळ मांडलं.

पण सगळ्यात जास्त उलथापालथ झाली ती 'तू-तुम्ही'च्या चौकटींत. जुन्या स्पॅनिशमध्ये जवळच्याला 'तू' आणि मानाच्या माणसाला, तो एकटा असला तरी, अनेकवचनी 'बोस'. अगदी आपल्या 'तुम्ही'सारखं. पुढे हा 'बोस' ज्याला त्याला वापरून स्वस्त झाला. मग मोठ्यांसाठी 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे साधारण 'आपली कृपा', असं संबोधन आलं. व्याकरणदृष्ट्या गाते ती 'कृपा', म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी: कांता. हेच संबोधन बोलण्यात झिजत झिजत सतराव्या शतकात 'उस्तेद' झालं, पण क्रियापद तसंच राहिलं. म्हणून आजही 'तुम्ही गाता' आणि 'तो गातो' या दोन्हींना 'कांता'च.

स्पेनमध्ये एकट्या माणसासाठीचा 'बोस' मागे पडला. अनेकांसाठी 'बोसोत्रोस' उरलं, त्याचं रूप कांताइस. समुद्रापलीकडे वेगळंच घडलं. मेक्सिको आणि लिमा इथे व्हाइसरॉयचे दरबार होते, स्पेनशी सतत संपर्क होता, तिथे 'तू' टिकला. दूरच्या ब्युनॉस आयर्सकडे जुना 'बोस' राहिला, पण मानाचा नव्हे, तर दोस्तीचा! तिथे 'बोस कांतास' म्हणतात, जोर शेवटच्या अक्षरावर. 'बोसोत्रोस' मात्र लॅटिन अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यातून गेलाच. तिथे अनेकांना 'उस्तेदेस कांतान'. थोडक्यात, पुस्तकातली पाचवी चौकट बहुसंख्य स्पॅनिश भाषक वापरतच नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण असं, की इथे अमेरिकेत इंग्रजीच्या एकाच 'यू'वर वाढलेले लोक स्पॅनिश शिकतात, पहिल्यांदा 'तू' पाठ करतात आणि ऑफिसात सफाई करणाऱ्या वयस्कर बाईंवर तोच चालवतात. मराठी कानाला यातलं खुपणारं काय ते समजावून सांगावं लागू नये. कामवाल्या मावशी आपल्याला 'अहो साहेब' म्हणतात आणि घरातलं पोर त्यांना 'ए' म्हणतं, हे आपण पाहिलेलं आहे. उलट कोलंबियाच्या काही भागांत आणि कोस्टा रिकात घरच्या माणसांनाही 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे 'उस्तेद'मध्ये परकेपणाच असतो असंही नाही.

तेव्हा शिकणार असाल तर तिसरी चौकट आधी पक्की करा. अनोळखी माणसाला 'उस्तेद' म्हणा. 'तू म्हण' असं समोरून आलं, की मग 'कांतास' आहेच.