एरंडोलचे कागदी व त्यांचा बाजार

खानदेशांतील दप्तरें चाळणारास फारूकी सुलतान, मोंगल अंमलदार, पेशव्यांचे कमाविसदार या सर्वांचीं नांवें भेटतात. ज्या पानावर तीं उमटलीं त्या पानाचा कर्ता मात्र सहसा भेटत नाहीं. त्यास शोधावयाचें तर जळगांव जिल्ह्यांत अंजनी नदीच्या कांठीं एरंडोलास गेलें पाहिजे. आमचे इतिहासप्रेमी बंधु तेथें जातात, पण पांडववाड्याचें नक्षीकाम पाहून परततात. कागदी लोकांच्या वस्तीकडे वळण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

कागदी हे मुसलमान कारागीर. हातकागदाची विद्या समरकंदाकडून मुसलमानी अमदानींत हिंदुस्थानांत पसरली, व दक्षिणेंत दौलताबादेजवळचें कागजीपुरा, जुन्नर आणि एरंडोल हीं तिचीं ठाणीं झालीं. एरंडोलचा जाडा देशी कागद पूर्वीं प्रसिद्ध असून धंदा थोडाबहुत टिकून आहे, अशी नोंद इंग्रजी अमदानींतील ग्याझेटियरांत आहे.

या धंद्याची रीत अशी. तागाचीं जुनीं पोतीं, दोर व जाळीं बारीक तोडून चुन्याच्या पाण्यांत मुरवावयाचीं, कुटावयाचीं, नदीवर धुवावयाचीं, आणि असें अनेक वेळां केल्यावर झालेला लगदा हौदांत कालवावयाचा. त्यांत बारीक काड्यांची चटई ताणलेला सांचा बुडवून उचलला कीं एक ताव निघे. तो दाबून, भिंतीस चिकटवून वाळविला, खळ लावली आणि गुळगुळीत दगडानें घोटला म्हणजे बोरूस योग्य होई. घोटणी नीट न झाल्यास शाई फुटते, हें जुन्या पोथ्या हाताळणारास सांगणें नलगे.

असा ताव दस्त्यांनीं विकला जाई. कुळकर्ण्यास तो गांवच्या हिशेबास लागे, सावकारास खतावणीस, शास्त्रीबोवांस पोथीस. दिवाळींत वाण्याच्या दुकानीं ज्या वहीची पूजा होई तिचें पान मुसलमान कागद्याच्या हातचें असे, आणि त्यांत कोणास कांहीं विशेष वाटत नसे. कागद, दौत, शाई, कलम, दस्ता, दप्तर हे आमच्या लेखनव्यवहारांतील शब्दच फारसी-अरबींतून आलेले आहेत.

शेजारच्या धरणगांवीं इंग्रजांनीं १६७४ त वखार घातली. १६७५ त व पुन्हां १६७९ त मराठ्यांनीं तें गांव लुटलें. लुटीचीं हीं सालें आम्हांस मुखोद्गत असतात. लुटण्याजोगी पेठ कोणाच्या हातांनीं उभी राहिली, हें विचारण्याची संवय मात्र आम्हांस नाहीं. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हातकागद मागें पडला, आणि पेठेबरोबर तिची आठवणहि.

संग्राहकांशीं याचा संबंध निकटचा आहे. हस्तलिखितांच्या याद्यांत कर्ता, विषय, लेखनकाल व पत्रसंख्या देतात. कागदाचा रकाना बहुधा नसतो. वस्तुतः पान उजेडासमोर धरलें तर पुष्कळ उलगडतें. देशी कागदांत काड्यांच्या चटईच्या बारीक रेघा दिसतात, जलचिन्ह नसतें. विलायती कागदांत तें बहुधा असतें, व कधीं कधीं सालहि असतें. लेखावर शके १६९० असतां पानांत इ. स. १८३० उमटलेलें आढळल्यास ती नक्कल आहे किंवा बनावट, याविषयीं वाद उरत नाहीं. मात्र खानदेशांत सांपडलेला प्रत्येक देशी कागद एरंडोलचाच, असें मानूं नये; जुन्नरी व दौलताबादी मालहि दूरवर जात असे. ओळख पटवावयाची तर निश्चित स्थळकाळाचे कागद शेजारीं ठेवून त्यांची जाडी, रेघा व घोटणी ताडून पाहिली पाहिजे.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर या दोन संस्थांत असें काम करण्याजोगी सामग्री आहे. आरंभ कोऱ्या पानांपासून करावा. पोथी बांधतांना वा दप्तर लावतांना हींच पानें निरुपयोगी म्हणून प्रथम टाकलीं जातात, आणि ज्यावर अक्षर नाहीं तेथेंच कागद्याचें काम सर्वांत स्वच्छ दिसतें.