कॅमेऱ्यातला आरसा का आला आणि का गेला?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. माइकसमोर जसं बोललो, तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय कॅमेरा. तुळशीचं लग्न लागलं की आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, लग्नसराई सुरू होते. आणि त्याच्या आधी एक प्रश्न हमखास कानावर येतो: "भाऊ, जुना डीएसएलआर मिळतोय, घेऊ का? का थांबून मिररलेसच घेऊ?" श्रीगोंदा असो, राहुरी असो की संगमनेर, जो पोरगा पहिल्यांदा स्वतःच्या नावावर ऑर्डर घेणार आहे त्याच्यासाठी हा हौसेचा प्रश्न नसतो. एकीकडे घरातून जमवलेले पैसे, दुसरीकडे दोन वर्षांचा ईएमआय. आणि मोबाईलवर प्रत्येक दुसरं रील सांगतंय की डीएसएलआर संपला.

संपला म्हणजे नेमकं काय संपलं? हे समजून घ्यायचं तर रिव्ह्यू बघून भागत नाही, थोडा इतिहास बघावा लागतो. कारण डीएसएलआर आणि मिररलेस यांच्यातला मूळ फरक एका छोट्याशा आरशाचा आहे. तो आरसा आत का बसवला होता हे कळलं, की तो काढल्यावर आपण काय कमावलं आणि काय गमावलं हे आपोआप कळतं.

काळ्या कापडाखालचा माणूस

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. शिर्डीच्या साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ ला समाधी घेतली. आज त्यांची चित्रं आणि मूर्ती घराघरात आहेत, पण प्रत्यक्ष काढलेले फोटो मोजकेच, तेही कृष्णधवल. त्या काळात आपल्याकडे स्टुडिओवाल्याचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली मोठी लाकडी पेटी आणि मागे काळं कापड.

तो माणूस कापडाखाली डोकं घालून काय करायचा? पेटीच्या मागे दुधी काच असायची. लेन्समधून आलेलं चित्र त्या काचेवर उलटं पडायचं, पाय वर आणि डोकं खाली. ते बघून तो फोकस लावायचा. मग लेन्स झाकायची, दुधी काचेच्या जागी फोटोची प्लेट सरकवायची आणि झाकण काढून प्रकाश द्यायचा. आता मुद्दा बघा: प्लेट आत गेली की त्याला समोरचं काहीच दिसत नव्हतं. मधल्या वेळात समोरचा हलला तर फोकस गेला. म्हणून तर "हलू नका" असा दम दिला जायचा.

म्हणजे अडचण सरळ होती. फिल्म किंवा प्लेट एकदाच वापरता येते. तिच्यावर प्रकाश पडला की ती खर्ची पडली. त्यामुळे आधी बघायचं एका जागी आणि फोटो उमटणार दुसऱ्या जागी. या दोन्हींसाठी लेन्स मात्र एकच हवी.

आरशाची युक्ती

थॉमस सटन या इंग्रज छायाचित्रकाराने १८६१ मध्येच यावरच्या एका युक्तीचं पेटंट घेतलं होतं. लेन्सच्या मागे तिरका आरसा ठेवायचा. बघताना आरसा खाली, चित्र वरच्या काचेवर. फोटो घेताना आरसा वर, प्रकाश थेट मागे. 'सिंगल लेन्स रिफ्लेक्स' म्हणजे एसएलआर, तो हाच. डीएसएलआर म्हणजे त्याच्यापुढे फक्त 'डिजिटल' लागलं.

ही कल्पना हातात धरून वापरण्याजोगी व्हायला बरीच वर्षं गेली. १९३६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या इहागी कंपनीने किने एक्झाक्टा आणला, ३५ मिमी फिल्मचा एसएलआर. पण त्यात कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघावं लागायचं, आणि चित्रात डावं-उजवं उलटं दिसायचं. १९४९ च्या कॉन्टॅक्स एस मध्ये पेंटाप्रिझम आला. म्हणजे वरच्या टोपीत काचेचा असा लोलक, की कॅमेरा डोळ्याला लावला तर सगळं सरळ दिसतं. डीएसएलआरच्या डोक्यावर जो उंचवटा दिसतो ना, तो त्याचाच. १९५४ मध्ये जपानच्या असाही कंपनीने फोटो निघाल्याबरोबर आपोआप खाली येणारा आरसा दिला. आणि १९५९ मध्ये आला निकॉन एफ, ज्याने जगभरच्या बातमीदारांच्या गळ्यात एसएलआर अडकवला.

पण या आरशाला एक गोष्ट कधीच जमली नाही. फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर असतो, म्हणजे डोळ्यापुढे अंधार. मंगलाष्टका संपतात, अंतरपाट सरकतो, अक्षता हवेत असतात, तेव्हा क्लिक करणाऱ्या फोटोग्राफरने तो नेमका क्षण व्ह्यूफाइंडरमधून बघितलेलाच नसतो! त्याच्या आधीचा बघितलेला असतो आणि नंतरचा. जुने फोटोग्राफर अंदाजाने, सरावाने तो क्षण पकडायचे, ते कौशल्य इथून आलं.

डिजिटल आलं, तरी आरसा का राहिला?

आता मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात आवडणारा भाग. १९९१ मध्ये कोडॅकने डीसीएस नावाचा व्यावसायिक डिजिटल कॅमेरा विकायला काढला. १.३ मेगापिक्सेल. बॉडी कुठली? निकॉन एफ३, म्हणजे फिल्मचाच कॅमेरा. फिल्मच्या जागी सेन्सर बसवला आणि फोटो साठवायचं यंत्र वेगळं, खांद्याला अडकवायचं. १९९९ चा निकॉन डी१ (२.७ मेगापिक्सेल) आणि २००३ चा कॅनन ३००डी, जो एक हजार डॉलरच्या आत आला, हेसुद्धा आरशाचेच.

विचार करा, फिल्म गेली म्हणजे मूळ अडचणच गेली होती. सेन्सर एकदा प्रकाश पडला म्हणून खर्ची पडत नाही, तो सतत बघू शकतो. तरी आरसा राहिला. का?

पहिलं कारण लेन्स. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. त्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी ठरलेलं, कारण मध्ये आरशाला हलायला जागा हवी. लोकांनी हजारो रुपयांच्या लेन्स घेऊन ठेवलेल्या. त्या एका झटक्यात बाद करणार कोण? सॉफ्टवेअरमध्ये आपण याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतो. जुनं चालत राहावं म्हणून नव्यातही जुना कोड वागवायचा, तसंच हे.

दुसरं कारण ऑटोफोकस. डीएसएलआरच्या मुख्य आरशाचा मधला भाग थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो. त्याच्यामागे दुसरा छोटा आरसा असतो, तो हा प्रकाश तळाशी बसवलेल्या फोकसच्या वेगळ्या सेन्सरवर टाकतो. हा फोकस झटकन लागायचा. उलट, फोटोच्या सेन्सरवरून फोकस करायला गेलं की लेन्स पुढे-मागे चाचपडत बसायची. आणि तिसरं कारण म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये बसवायचे छोटे स्क्रीन तेव्हा धुरकट होते, अडखळत चालायचे.

ही दोन्ही कारणं हळूहळू संपली. २००८ मध्ये पॅनासोनिकचा जी१ आला, लेन्स बदलता येणारा आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचा पहिला खरा मिररलेस. २०१३ मध्ये सोनीने ए७ काढला आणि फुल फ्रेम सेन्सर आरशाविना आणला. गंमत म्हणजे सेन्सरवरूनच झटपट फोकस करणारं कॅननचं ड्युअल पिक्सेल तंत्र त्याच वर्षी पहिल्यांदा आलं ते ७०डी मध्ये, आणि ७०डी होता डीएसएलआर! आरशाच्या घरातच आरशाची गरज संपवणारी सोय तयार झाली. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघांनीही फुल फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट काढले. निकॉनच्या झेड माउंटमध्ये ते ४६.५ मिमीचं अंतर १६ मिमीवर आलं. २०२० मध्ये जगभरात मिररलेसची रवानगी डीएसएलआरच्या पुढे गेली. निकॉनचा डी६ आणि कॅननचा १डीएक्स मार्क ३ हे मोठे डीएसएलआर त्याच वर्षी आले. त्यानंतर त्या तोडीचा नवा डीएसएलआर दोघांनीही काढलेला नाही.

एकच कंपनी, एका वर्षाचं अंतर

आता तुलना करायची तर जोडी बरोबरीची हवी. निकॉन डी८५० हा २०१७ चा डीएसएलआर, आणि झेड७ हा २०१८ चा मिररलेस. दोन्ही फुल फ्रेम, दोन्ही ४५.७ मेगापिक्सेल. म्हणजे फोटो उमटवणारी बाजू जवळपास सारखी, फरक आरशाचा.

वजन: डी८५० बॅटरी-कार्डसकट साधारण एक किलो, झेड७ ६७५ ग्रॅम. फोकसचे बिंदू: १५३ विरुद्ध ४९३. डी८५० चे बिंदू मध्यभागी दाटीने, झेड७ चे जवळपास सगळ्या फ्रेमभर. बॅटरी: कंपनीच्या प्रमाणित चाचणीत डी८५० एका चार्जमध्ये १,८४० फोटो, झेड७ ३३०! कारण आरशातून बघायला वीज लागत नाही, स्क्रीनमधून बघायला सतत लागते. कार्ड: डी८५० मध्ये दोन, पहिल्या झेड७ मध्ये एकच. लग्नाचं काम करणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. कार्ड गेलं तर लग्न पुन्हा लागत नाही.

आता हे दोन्ही कॅमेरे जिल्ह्यात फिरवू.

पहिली जागा मांडव. मिररलेसचा आवाज पूर्ण बंद करता येतो, विधी चालू असताना खडखडाट नको म्हणून ते छान वाटतं. पण सावधान! आवाज बंद म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर तेव्हा चित्र ओळीओळीने वाचतो. मांडवातले स्वस्त एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, पण झपाझप लुकलुकत असतात. परिणाम म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावर काळे-पांढरे पट्टे. तिथे आपलं यांत्रिक शटरच बरं. दुसरं, लेन्स बदलताना मिररलेसचा सेन्सर बहुधा उघडाच असतो, पुढे आरशाचा आडोसा नाही. हळदीच्या कार्यक्रमात लेन्स बदलणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

दुसरी जागा कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी. काळविटांसाठी १९८० मध्ये झालेलं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं अभयारण्य. माळरानावर आरशाचा खटका झाला की मान वर होते आणि कळप उधळतो. इथे मिररलेस जिंकतो. डी८५० मध्येही लाइव्ह व्ह्यूवर आवाज बंद होतो म्हणा, पण तेव्हा आरसा वरच ठेवलेला असतो. म्हणजे गप्प बसायचं तर डीएसएलआरलाही तेवढ्यापुरतं मिररलेस व्हावं लागतं! शिवाय झेड७ विकला गेल्यानंतर, २०१९ च्या फर्मवेअर अपडेटने त्याला माणसाचे डोळे ओळखून फोकस करता यायला लागला, आणि २०२० च्या अपडेटने कुत्र्या-मांजरांचे चेहरे. काळविटासाठी त्याचा भरवसा धरू नका, पण यंत्र तेच आणि शहाणपण नंतर मिळालं, हे महत्त्वाचं. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा, तळाशी बसलेला, व्ह्यूफाइंडरमधून बघताना त्याला हे शिकवायला फार वाव नसतो.

तिसरी जागा अकोले तालुका, भंडारदरा परिसर. पावसाच्या तोंडावर, मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. इथे कॅमेरा तिकाटण्यावर, एकेक फोटो पंधरा-वीस सेकंदांचा, फोकस हाताने, टॉर्च बंद. अशा वेळी आरसा असला काय आणि नसला काय, फोटोत फरक पडत नाही. उलट जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी रात्र काढते, नव्यासोबत दोन-तीन जास्तीच्या न्याव्या लागतात.

मग घ्यायचं काय?

इतिहासाने एक गोष्ट साफ सांगितली: आरसा फोटो काढण्यासाठी नव्हताच, तो बघण्यासाठी होता. त्यामुळे तो गेल्यावर बघणं आणि फोकस बदलला, फोटोचा दर्जा नाही. तुमचं काम पळणाऱ्या गोष्टींचं असेल, व्हिडिओ जास्त असेल, तर मिररलेसला दिलेला पैसा वसूल होतो. लग्नाचे स्थिर फोटो, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो, वस्तूंचे फोटो यावर सुरुवात करायची असेल, तर चांगल्या स्थितीतला जुना डीएसएलआर आजही कमावून देतो. घेताना शटर किती वेळा पडलंय ते बघा. डी८५० चं शटर दोन लाखांच्या चाचणीतून गेलेलं आहे, स्वस्त मॉडेलचं आयुष्य त्याहून कमी असतं.

आणि जुन्या लेन्स घरात आहेत म्हणून मिररलेसवर जाणार असाल तर आधी एक तपासा. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ५० मिमी एफ/१.८ डी सारख्या जुन्या लेन्स बसतात, पण त्यांचा ऑटोफोकस चालत नाही, कारण त्यांना फिरवणारी मोटर जुन्या मोठ्या बॉडीत असायची, अडॅप्टरमध्ये ती नाही. पन्नास-साठ वर्षं सांभाळलेली कम्पॅटिबिलिटी इथे येऊन तुटली.

म्हणजे संपत आली ती नव्या डीएसएलआरची कारखान्यातली वाटचाल. आधीच बनलेल्या कॅमेऱ्याला ही बातमी कळत नाही, तो बटण दाबलं की फोटो काढतो. आणि दहा वर्षांनी अल्बम उघडून बसलेल्या आजीला तो फोटो निघाला तेव्हा आत आरसा हलला होता की नाही, याच्याशी काही देणंघेणं नसेल. कर्ज काढायचं की नाही हे ठरवताना रीलवाल्याच्या आधी तिचा विचार करा.

तुमच्याकडे कुठला कॅमेरा आहे आणि त्यावर काय काम करता, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!