तेल करणारा वायू

'ओलेफीन' हा शब्द रसायनांच्या कारखान्यांत रोजच्या वापरातला आहे. परंतु त्यात एका जुन्या प्रयोगातील तेलाचे थेंब जपून राहिले आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲम्स्टरडॅम येथे चार डच रसायनज्ञ एकत्र काम करीत. त्यांपैकी डायमन हे वैद्य, तर पाट्स व्हान ट्रोस्टवाइक हे व्यापारी. बोंट व लाउवेरेनबुर्ख हे त्यांचे सहकारी. मद्यार्कावर तीव्र गंधकाम्लाची क्रिया केली असता जो ज्वालाग्राही वायू निघतो, त्याचा अभ्यास त्यांनी १७९५ च्या सुमारास प्रसिद्ध केला. आज ज्याला क्लोरीन म्हणतात त्या वायूशी तो मिसळताच दोन्ही वायू ओसरू लागले आणि भांड्यात तेलकट द्रव साचला. दोन वायूंच्या मिलनातून तेल उपजावे, याचे नवल वाटणारच! फूरक्रुवा या फ्रेंच पंडिताने त्या वायूला 'गाझ ओलेफियां', म्हणजे तेल करणारा वायू, असे नाव दिले. द्रवाला लोक 'डच तेल' म्हणू लागले. यातील लॅटिन 'ओलेउम' हा शब्द मुळात ऑलिव्हच्या तेलाचा. आपल्याकडे तिळावरून 'तेल' आले, तसाच.

हा वायू म्हणजे एथिलीन. त्यात तेल मुळीच नव्हते, आणि डच तेलही खाद्यतेलाच्या जातीचे नव्हे. एथिलीनच्या रेणूत कार्बनचे २ व हायड्रोजनचे ४ अणू असतात. दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले. त्यातील एक बंध उकलला की प्रत्येकाला क्लोरीनचा एकेक अणू चिकटतो. हेच त्याचे असंतृप्तपण. पण १७९५ साली डाल्टनचा अणुवादही मांडला गेला नव्हता. रचना दिसत नव्हती, म्हणून नाव करणीवरून पडले.

१८६० मध्ये गथ्री यांनी तेच नाव साऱ्या कुळाला 'ओलेफीन' या रूपात दिले. पुढे १८९२ च्या जिनीव्हा परिषदेने दुहेरी बंधासाठी 'ईन' हा प्रत्यय ठरविला. 'अल्कीन' ही संज्ञा त्याच वळणाची. ती अधिक नेमकी खरी. तरी जुने नाव हटले नाही, कारण कारखानदाराला रचनेपेक्षा पदार्थाची करणीच अधिक मोलाची वाटते.

डच तेलावर कॉस्टिक पोटॅशची क्रिया करून रेन्यो यांनी १८३५ मध्ये व्हिनिल क्लोराइड मिळविले. पीव्हीसी नळांसाठी लागणारे हे द्रव्य आजही मोठ्या प्रमाणावर त्याच तेलापासून तयार होते. मात्र पोटॅशऐवजी आता उष्णतेने ते तेल फोडतात.