कोनाडा गेला, फळी आली



श्रुतपंचमीला आपण ग्रंथ खाली काढतो, झटकतो, वेष्टनं बदलतो. गेल्या वर्षी ते महिनाभर आधीच आपणहून खाली आले. खालून आधार न दिसणारी नवी फळी भिंतीतून निसटली आणि धवलेचे भाग फरशीवर पडले. मी त्या दिवशी रसत्याग केला. पण चूक सुताराची की भिंतीची, हा हिशेब काही डोक्यातून जाईना.

सासरच्या जुन्या घरात खाली काळा दगड आणि वर पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती होत्या. सगळं छप्पर त्यांच्यावरच, म्हणून त्या तेवढ्या जाड. त्या जाडीतच दिव्याला दिवळी, तांब्याला कोनाडा आणि जिनवाणीला दार असलेलं फडताळ. खिळा एकही नाही, वजन सरळ भिंतीवर उतरायचं.

सिमेंटचे खांब आले, भार त्यांनी घेतला आणि आतल्या भिंती चार इंचांच्या झाल्या. त्यात कोनाडा कोरायचा तर पलीकडच्या खोलीत खिडकीच व्हायची! मग फळी भिंतीबाहेर टांगणं आलं. आधी लाकडाची गुल्ली ठोकून तिच्यात स्क्रू पिळत. 1911 च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न खराब करता विजेची जोडणी करायची होती, त्यासाठी जॉन रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्याचा प्लग काढला. 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा केला. आपले कारागीर ज्याला गिट्टी म्हणतात ती हीच. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांना दाबून धरते. म्हणजे पकड गिट्टीची नव्हे, भोवतालच्या विटेची. आमच्या गिट्ट्या नुसत्या गिलाव्यात बसल्या होत्या. त्यात फळी दहा इंच रुंद. पुढच्या कडेचं वजन वरचा स्क्रू पहारीसारखं उपटतं.

आणि वजन तरी केवढं! धवला शतकानुशतकं मूडबिद्रीला ताडपत्रावर होती, तिचं दर्शन घडायचं, वाचायला मिळायची नाही. अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांनी 1939 मध्ये पहिला भाग छापला, पुढे सोळा झाले. त्या कामात आपले सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्येही होते, इथे राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे. ग्रंथ आपल्या घरात आले आणि त्याच काळात घरातली फडताळं बुजत गेली, ही गंमत मला फार उशिरा कळली.

या खेपेला दोन खोल्यांमधली नऊ इंची भिंत निवडली. पावसाकडची बाहेरची भिंत नको म्हटलं, ओल येते. ठोकून विटेचा आवाज ऐकला, सांधे टाळले. फळी आठ इंच रुंद. तिच्या पूर्ण लांबीची लाकडी पट्टी आधी भिंतीला सहा लांब स्क्रूंनी जखडली, गिट्ट्या गिलावा ओलांडून विटेत गेल्या. मग आठ दिवस ग्रंथांऐवजी तांदळाचे डबे ठेवले. रोज सकाळी सामायिक झाल्यावर ओळंबा लावून बघायचे.

नवव्या दिवशी डबे खाली उतरवले आणि नवी वेष्टनं घातलेले सोळा भाग वर गेले.