ऋतुमती आणि फळाचा वांटा

विटाळशीला फळ द्यावें कीं न द्यावें, आणि द्यावें तर कोणतें, हा प्रश्न महाराष्ट्रांतील घरांत पिढ्यान् पिढ्या वडीलधाऱ्या स्त्रियांनीं सोडविला. दहीं व आंबट फळें नकोत, केळें थंड, पपई उष्ण, अशी विभागणी ठरलेली असे. परंतु फळ आणि ऋतुमती यांचा संबंध स्वयंपाकघरापुरता नाहीं. त्याचा मागोवा घेतला म्हणजे हा प्रश्न केवळ पथ्यापाण्याचा कधींच नव्हता, हें ध्यानांत येतें.

या संबंधाचें एक अतिप्राचीन आख्यान तैत्तिरीय संहितेंत आहे. त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याच्या वधामुळें इंद्रास ब्रह्महत्येचें पाप लागलें. त्याचा एक भाग पृथ्वीनें, एक वृक्षांनीं व एक स्त्रियांनीं घेतला. मोबदल्यांत वृक्षांना तोडल्यावर पुन्हां फुटण्याचा आणि स्त्रियांना संततीचा वर मिळाला. वृक्षांचें पाप डिंकाच्या रूपानें आणि स्त्रियांचें रजोरूपानें प्रकट झालें. म्हणजे आख्यानाप्रमाणें वृक्ष व स्त्री हीं एकाच पापाचीं भागीदार होत. तथापि वृक्षाचें फळ देवाच्या नैवेद्याला चाललें. स्त्री मात्र देवघराबाहेर बसली.

वैद्यकग्रंथांचा दृष्टिकोनहि पाहण्यासारखा आहे. सुश्रुतानें रजस्वलेस तीन दिवस दर्भाच्या शय्येवर निजून हविष्यान्न खाण्यास सांगितलें. वाग्भटानें दुधांत शिजविलेलें जवाचें अन्न थोडें थोडें घ्यावें असें लिहिलें, तें कोठा शुद्ध होऊन शरीर हलकें व्हावें म्हणून. हा सारा विचार पुढें होणाऱ्या गर्भधारणेचा होता. स्त्रीच्या अंगीं त्या दिवसांत बळ यावें, हा त्याचा मुख्य हेतु नव्हता.

हाच हेतु लौकिकांत फळशोभनाच्या सोहळ्यांत दिसे. मुलीस प्रथम ऋतु प्राप्त झाला म्हणजे तिला मखरांत बसवीत, आप्तेष्ट स्त्रिया ओटी भरीत, गोडाधोडाचीं ताटें येत. येथें फळ म्हणजे संतति. कौतुक मुलीचें होई, दृष्टि मात्र वंशाकडे असे. या सोहळ्यामागून येणाऱ्या गर्भाधानाच्या संस्कारावरूनच संमतिवयाचा वाद पेटला. लोकमान्य टिळकांनीं सरकारी हस्तक्षेपास विरोध केला. नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें १८४२ सालीं जन्मलेले न्यायमूर्ति रानडे आणि ‘सुधारक’कार आगरकर हे कायद्याच्या बाजूस राहिले. अखेर १८९१ सालीं संमतीचें वय १० वरून १२ वर्षांवर नेण्यांत आलें.

फळाचा तिसरा संबंध व्रताचा. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, स्त्रिया आघाड्याच्या काड्यांनीं दांत घासून स्नान करतात. नाशकांत गोदावरीलाच गंगा म्हणतात. तेव्हां ‘गंगेवर’ जाणें हें तेथें ओघानेंच आलें. त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य असतें. फळें, कंदमुळें आणि अळू, सुरण, भोपळा यांची ऋषीची भाजी खावयाची. विटाळांत घरांत वावरलेली स्त्री पुढील जन्मीं कुत्री झाली आणि तिचा पति बैल झाला, अशी या व्रताची कहाणी. अर्थात हें फळ पोषणासाठीं नव्हे, प्रायश्चित्तासाठीं.

आतां शरीरशास्त्र काय सांगतें तें पाहावें. एका ऋतुकाळांत सामान्यतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातें; ८० च्या वर गेल्यास तो स्राव अतिरिक्त समजतात. रक्ताबरोबर लोह जातें, आणि तें दरमहा भरून निघावें लागतें. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. फळांत लोह थोडेंच असतें. परंतु पालेभाज्या, बाजरी व कडधान्यें यांतील लोह शरीरांत शोषलें जाण्यास ‘क’ जीवनसत्त्व मोठें साहाय्य करतें. तें आवळा, पेरू व लिंबू यांत विपुल असतें. म्हणजे आंबट म्हणून जीं फळें दूर सारलीं, त्यांतच उपयोगाचा गुण होता! उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो, आणि त्याला कोणीं विटाळाचें पथ्य लावलें नाहीं. पोटांतील कळा मात्र गर्भाशयांत तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नांवाच्या द्रव्यांमुळें येतात. त्यांवर फळ हें औषध नव्हे. ऊन शेकानें पुष्कळींना आराम पडतो. कळा असह्य असल्यास किंवा स्राव फार असल्यास वैद्यकीय सल्ला घेणेंच इष्ट.

हा इतिहास केवळ पोथींत राहिलेला नाहीं. जुलै २०२२ मध्यें त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील एका आश्रमशाळेच्या विद्यार्थिनीनें तक्रार केली कीं, पाळी आली आहे म्हणून तिला झाड लावूं दिलें नाहीं. तिच्या स्पर्शानें झाड जगत नाहीं, ही त्यामागची समजूत. ज्या आख्यानांत वृक्ष व स्त्री यांनीं भार सारखा उचलला, त्याच परंपरेंत एकाला दुसऱ्याच्या स्पर्शाचें भय वाटावें, हें नवलच म्हणावयाचें. त्या मुलीनें तक्रार करण्याचें धैर्य दाखविलें. घरांतील वडील मंडळींनीं त्याहून पुष्कळ सोपें काम करावयाचें आहे: चौथ्या दिवसाची वाट न पाहतां, पहिल्याच दिवशीं, सर्वांच्या पंक्तींत तिचें ताट मांडून त्यांत पालेभाजी, लिंबाची फोड आणि पेरू वाढावा.