सीसी मोठे, ॲव्हरेज किती? पिंपरी-चाकण पट्ट्यातील जुन्या पिकअपचा हिशेब

मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणतात. मुळात ते हाम्बुर्गजवळच्या एका जर्मन वाहन कारखान्याचे नाव. १९५८ मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पोने त्या कारखान्याशी करार केला आणि नाव इकडे आले ते कायमचे. ‘ॲव्हरेज’चेही तसेच. इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता सरासरी. मराठीत मात्र ‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नात लिटर आणि किलोमीटर हे दोन्ही शब्द न उच्चारताच येतात.

पिंपरीत बनणाऱ्या एका पिकअपचे इंजिन दोन लिटरवरून जवळजवळ तीन लिटरवर गेले, आणि पुढे त्याच कारखान्याने पाऊण लिटरपेक्षाही लहान इंजिनाची मालगाडी काढली. परस्परविरोधी वाटणारे हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते. असे का झाले, याचा हा धागा.

आधी पट्टा. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ चा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये टेल्कोने पुण्यात पाय रोवला आणि त्याच दशकात बजाज टेम्पो आकुर्डीत आली. मोठ्या कारखान्यांभोवती भोसरी, चिंचवड, चिखली येथे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. कास्टिंग एका शेडमध्ये, मशीनिंग दुसऱ्या, प्लेटिंग तिसऱ्या. एकेक भाग मुख्य कारखान्यात पोहोचेपर्यंत चार-पाच वेळा गाडीत चढतो आणि उतरतो. अंतरे थोडी, खेपा पुष्कळ. पट्ट्यातील वाहतुकीचे हे रूप लक्षात ठेवावे लागेल, कारण पुढचे सगळे गणित त्यावरच उभे आहे.

पहिली गाडी छोटीच होती. टेम्पो हॅन्सीट ही तीनचाकी, सुमारे चारशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ऑइल मिसळलेले पेट्रोल आणि मागे निळा धूर. ज्यांना अधिक ताकद हवी ते जीपकडे वळत. महिंद्राच्या विलीज जीपमधले हरिकेन इंजिन २.२ लिटरचे, पेट्रोलवर चालणारे. ट्रॉली ओढायला उत्तम, पण पेट्रोल पिणारे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली. पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेले खनिज तेल जानेवारी १९७४ पर्यंत अकरा डॉलरांच्या वर गेले. भारतात पेट्रोल महागले. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले, ते छायाचित्र आजही फिरते. मालवाहतुकीवरचा परिणाम मात्र छायाचित्रात मावणारा नव्हता. पेट्रोलवरची मोठी इंजिने हळूहळू मालगाड्यांतून हद्दपार झाली आणि त्यांच्या जागी डिझेल आले. जीपमध्ये आधी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसले, मग प्यूजोच्या परवान्यावर बनलेले. आकुर्डीत मेटॅडोर डिझेलवर धावत होतीच. १९८० च्या दशकात बजाज टेम्पोने मर्सिडीजचे २.४ लिटरचे ओएम ६१६ हे इंजिन परवान्याने घेतले. जर्मनीत टॅक्सीत धावणारे हे इंजिन आपल्याकडे दुधाचे कॅन आणि लोखंडी बार वाहू लागले.

इथे अमेरिकेकडे एक नजर टाकणे उपयोगाचे आहे, कारण ‘मोठ्या इंजिनाचा पिकअप’ म्हटले की डोळ्यांपुढे तीच गाडी येते. तिथेही १९७५ मध्ये इंधन बचतीचा कायदा झाला, पण हलक्या ट्रकांसाठी निकष वेगळे आणि सैल ठेवले गेले. आयात ट्रकांवर १९६४ पासून २५ टक्के जकात होतीच. परिणामी सात-साडेसात लिटरचे पेट्रोल व्ही-एट इंजिन तिकडच्या पिकअपमध्ये १९९० च्या दशकापर्यंत टिकले. गॅलनला दहा मैल हा त्यांचा आकडा आपल्या भाषेत लिटरला सव्वाचार किलोमीटर होतो. अशी गाडी भोसरीत कुणी भाड्याला लावली असती, तर महिना संपण्याआधी विकली असती.

मात्र डिझेल आणि पेट्रोल यांत फरक केवळ दराचा नव्हता. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. गाडी हलकी चालवली की ती झडप जवळपास मिटते आणि इंजिनाला हवा ओढण्यासाठीच श्रम पडतात. मोठे पेट्रोल इंजिन कमी भारावर उधळे ठरते ते मुख्यतः यामुळे. जुन्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते. ते हवा पोटभर घेते आणि ताकद कमी-जास्त होते ती डिझेलच्या मात्रेवर. त्यामुळे मोठे डिझेल इंजिन अर्ध्या भारावर चालले तरी पेट्रोलइतके मार खात नाही. ‘मोठे इंजिन म्हणजे कमी ॲव्हरेज’ हा नियम डिझेलला सरसकट लावता येत नाही.

आता १९८६. त्या सुमारास चार जपानी कंपन्या भारतीय भागीदार घेऊन हलक्या ट्रकांच्या बाजारात उतरल्या होत्या : टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी. त्यांचा भर इंधन बचतीवर होता. सुमंत मुळगावकरांच्या टेल्कोने उत्तर दिले ते ४०७ या ट्रकाने. त्यातील इंजिनाचे नाव ४९७. हे नाव वाचायला सोपे आहे : ४ म्हणजे चार सिलिंडर, ९७ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. दट्ट्याची धाव १०० मिमी धरून आकडेमोड केली की २,९५६ सीसी येते.

दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच टेल्कोची टाटामोबाईल आली. हा पिकअप, याच साच्यावर पुढे सिएरा आणि इस्टेट बेतल्या गेल्या. त्याचे इंजिन ४८३, म्हणजे ८३ मिमी व्यासाचे, १,९४८ सीसीचे. दिसायला मोटारीसारखा, चालवायला त्या काळच्या मानाने सुखद. परंतु या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता बाजूच्या छोट्या कोठीत फवारले जाई. ज्वलन कोठीत सुरू होई आणि वायू अरुंद वाटेने दट्ट्यावर येई. आवाज कमी, इंजिन गुळगुळीत. पण कोठीच्या भिंतींतून उष्णता वाया जाई. थेट फवारणीच्या तुलनेत अशा इंजिनांना साधारण दहा ते पंधरा टक्के अधिक इंधन लागते.

म्हणून पुढे २०७ डीआय आली तेव्हा तिच्यात ४०७ च्या कुळातील २,९५६ सीसीचे, थेट फवारणीचे इंजिन बसले. ‘डीआय’ म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, हे गाडीच्या पाठीवरच लिहिलेले असे. सीसी दीडपट झाले, पण इंधनाचा खर्च त्या प्रमाणात वाढला नाही. कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ असलेले इंजिन; भरलेली गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये चालते, चालकाला सारखे गिअर पाडून इंजिन पिळावे लागत नाही. कागदावर उधळी वाटणारी ही गाडी टनामागे हिशेब केला की काटकसरी निघे.

‘टनामागे’ या शब्दातच खरी मेख आहे. समजा सव्वा टन माल वीस किलोमीटरवर न्यायचा आहे. लिटरला अकरा किलोमीटर देणारी मोठी गाडी एका खेपेत जाऊन येते : चाळीस किलोमीटर, सुमारे ३.६ लिटर. लिटरला अठरा देणाऱ्या, पाऊण टन वाहणाऱ्या छोट्या गाडीला दोन खेपा लागतील : ऐंशी किलोमीटर, सुमारे ४.४ लिटर. ज्या गाडीचे ॲव्हरेज चांगले, तिनेच डिझेल जास्त जाळले. माल सहाशे किलोच असेल तर निकाल उलटतो : छोटीला २.२ लिटर, मोठीला साडेतीनच्या आसपास. गाड्या त्याच, रस्ताही तोच.

आणि पट्ट्यातील माल बदलत होता. पूर्वी पंधरा दिवसांचा साठा गोदामात असे. जपानी पद्धतीचे ‘जस्ट इन टाइम’ आले तसे मोठ्या कारखान्यांनी गोदामे आटवली आणि भाग लागेल तसा, लागेल तितकाच मागवायला सुरुवात केली. गोदाम नाहीसे झाले असे म्हणतात. खरे तर ते चाकांवर चढून रस्त्यावर आले. दिवसाला एक भरलेली खेप होती तिथे तीन अर्ध्या खेपा झाल्या. तीन लिटरचे इंजिन चारशे किलो माल घेऊन भोसरीतून निघू लागले आणि परत येताना रिकामे.

मे २००५ मध्ये टाटा एस आली ती या पोकळीत. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने ती घडवली. पंतनगरचा कारखाना उभा राहण्यापूर्वी ती पुण्यात बने. तिच्या इंजिनाचे नाव २७५ : दोन सिलिंडर, व्यास ७५ मिमी. पिंपरीतच बनणाऱ्या इंडिकाचे इंजिन ४७५, १,४०५ सीसीचे. ते मधोमध कापले की ७०२ सीसी उरतात. फवारणी पुन्हा कोठीतलीच, म्हणजे तंत्र जुने. तरीही अर्ध्या भाराच्या छोट्या खेपांना ती मोठ्या डीआयपेक्षा स्वस्त पडे. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. २०१० मध्ये चाकणच्या नव्या कारखान्यातून महिंद्राची मॅक्सिमो त्याच वाटेने बाहेर पडली.

जुन्या २०७ मात्र गेल्या नाहीत. त्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेल्या, आणि हा मालक बहुधा स्वतःच चालक असे. खेपेचा दर ठरलेला, डिझेल त्याचे. अशा माणसाला ॲव्हरेज म्हणजे घरी नेण्याचे पैसे. टाकी फुल करायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा. एसटीनेही हाच हिशेब महामंडळाच्या पातळीवर केला. तिथे दहा लिटरमागे किती किलोमीटर, हे माप चालते. दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, म्हणजे इंधनाचा हिशेब शास्त्रशुद्ध मांडणाऱ्या संस्था त्या चालकाच्या रोजच्या वाटेवरच होत्या. त्याचा स्वतःचा हिशेब मात्र सनमायकावर पेनाने लिहिलेला.

त्या हिशेबात सर्वांत मोठी गळती कोठे होती? कोणताही मेकॅनिक पंप-नोझलकडे बोट दाखवील. नाशिकच्या मायको कारखान्यातील नोझल झिजले की फवारा थेंबाळतो, काळा धूर येतो आणि डिझेल न जळता जाते. टायरमधील हवा, हाफ क्लचची सवय, कॅरिअरवरचा ताडपत्रीचा फुगा हे सगळे खरेच. पण चाकणच्या तळेगाव चौकातून किंवा आंबेठाण चौकातून ज्याने संध्याकाळी गाडी काढली आहे त्याला दुसरे उत्तर ठाऊक असते. तीन लिटरचे डिझेल इंजिन उभ्या जागी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल घेते. समजा दिवसाची धाव साठ किलोमीटर आणि ॲव्हरेज बारा : पाच लिटर. पुणे-नाशिक रस्त्यावरची कोंडी आणि कारखान्याच्या गेटवरची रांग मिळून दोन तास इंजिन चालू राहिले, तर दीड लिटर आणखी. बाराचे ॲव्हरेज सव्वानऊवर येते. स्टार्टरचा भरवसा नाही म्हणून जुन्या गाडीचा चालक इंजिन बंद करायला कचरतो, हे वेगळेच.

वेताळ टेकडीवरील एआरएआयमध्ये, म्हणजे १९६६ पासून देशातील वाहने तपासणाऱ्या संस्थेत, गाडी रुळांवर ठरलेल्या चक्रानुसार चालवली जाते. त्या चक्रात थांबेही असतात. पण गेटवर चलन अडले म्हणून पाऊण तास उभे राहणे कोणत्याही चक्रात बसत नाही. या दीड लिटराचे पैसे कारखाना देत नाही, पुरवठादार देत नाही. ते सनमायकावर लिहिणाऱ्याच्या खिशातून जातात.

या ताणाचे एक काळे टोकही होते. रेशनचे रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त असे, आणि जुनी कोठीवाली इंजिने भेसळ निमूट पचवत; पंप झिजायचा तो नंतर. भेसळीचा धंदा किती भयंकर झाला होता ते २५ जानेवारी २०११ रोजी दिसले, जेव्हा मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर दोन वर्षांनी, जानेवारी २०१३ पासून, डिझेलचा दर महिन्याला थोडा थोडा वाढू लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो नियंत्रणमुक्त झाला. स्वस्त डिझेलवर उभे राहिलेले मोठ्या इंजिनाचे गणित तेव्हापासून विस्कटत गेले.

तरी ते संपले नाही. अडीच लिटरचे इंजिन असलेली बोलेरो पिकअप आजही मंचर-नारायणगावचा टोमॅटो आणि कांदा घेऊन पहाटे चाकण ओलांडते, कारण ती भरून जाते आणि तिला गेटवर थांबायचे नसते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या इंजिनांत फवारणी संगणकाच्या ताब्यात गेली. पट्ट्यातील छोट्या खेपा बऱ्याच अंशी सीएनजीवर गेल्या आहेत, आणि २०२२ मध्ये एसची विजेवरची आवृत्तीही आली. ॲव्हरेज आता किलोला किंवा युनिटला मोजतात. गेटवरच्या रांगेत सीएनजी पंपावरच्या रांगेची भर पडली आहे, आणि दोन्ही रांगांतला वेळ अजूनही चालकाच्याच खात्यावर मांडला जातो.