सर्पगंधा ते एल-डोपा: कंपवाताच्या औषधाचा शोध

१/ लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचे नेमके वर्णन केले. मात्र या रोगात मेंदूत कोणते रसायन कमी पडते, हे कळायला १९६० साल उजाडावे लागले. त्या शोधाची एक वाट भारतीय वनस्पतीतून गेली.

२/ ती वनस्पती म्हणजे सर्पगंधा. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतून अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले गेले.

३/ मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पीन वेगळे केले.

४/ रिसर्पीन मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली: काही रुग्णांच्या हालचाली मंदावत, अंग ताठरत असे. लक्षणे थेट कंपवातासारखी!

५/ स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पीन दिले. ससे निश्चल झाले. मग त्यांना डोपा टोचताच ते पुन्हा हालू लागले. डोपापासून मेंदूत डोपामीन तयार होते. रिसर्पीनने त्याचाच साठा रिता केला होता.

६/ व्हिएन्नामध्ये ओलेह हॉर्निकिएविच व हर्बर्ट एरिंगर यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले. कंपवाताच्या रुग्णांत डोपामीन फारच कमी आढळले. वर्ष १९६०. पुढच्याच वर्षी वाल्टर बिर्कमायर यांच्यासह रुग्णांना शिरेतून एल-डोपा दिले गेले. खिळून पडलेली माणसे उठून चालू लागली, पण काही तासांपुरतीच.

७/ थेट डोपामीनच का दिले नाही? रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ते ओलांडू शकत नाही, एल-डोपा ओलांडते. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि परिणाम टिकू लागला.

८/ हेच एल-डोपा खाजकुइलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी मद्रासमध्ये १९३७ सालीच वेगळे केले होते. रेणू हाती होता. तो कोणत्या रोगावर चालेल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

९/ २००० च्या नोबेलमध्ये कार्लसन यांचा वाटा होता. हॉर्निकिएविच मात्र वगळले गेले. दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी खुल्या पत्राद्वारे निषेध नोंदवला. सशाने दिलेले उत्तर माणसाच्या मेंदूत पडताळणाऱ्याचे श्रेय किती, हा त्या वादाचा गाभा होता.

१०/ एल-डोपा आजही कंपवाताचे प्रमुख औषध आहे. ते उणीव भरून काढते. पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. दीर्घकाळ घेतल्यास अनेकांत अनैच्छिक हालचालीही सुरू होतात. ऱ्हास रोखणाऱ्या रेणूचा शोध अद्याप चालूच आहे.